बावन्न तास

॥ श्री ॥

अल नहदा, शारजा
रविवार, ७ सप्टेंबर २०२५

ती. विनितावन्सं यांना,
अनुपमाचा सा. न. वि. वि.

तुमच्या पत्राचा फोटो काल फोनवर आला. अक्षर बघून मी हातातलं लाटणं खाली ठेवलं. फेब्रुवारीत तुम्हाला झटका आला तेव्हा उजव्या हातात चमचा राहत नव्हता, आणि आता ओळी कशा सरळ! हे ऑफिसातून येईपर्यंत मी थांबले नाही, फोटो यांना लगेच पाठवला. यांनी हमरियाच्या ऑफिसात सगळ्यांना दाखवला म्हणे, माझी बहीण बघा. शुभ्रा तर नाचलीच. जुलैत सुट्टीला पाच आठवडे देवरूखला राहून तिने तुमच्या हाताकडून जे करून घेतलं, त्याचं चीज झालं असं तिला वाटतंय. दर पंधरा दिवसांनी एक पत्र हाताने लिहायचं ही तिचीच आज्ञा. तुम्हाला उत्तर द्यायला काहीतरी हवं म्हणून मलाही लिहायला बसवलंय. दहावीनंतर मी एवढं सलग लिहिलेलं नाही, तेव्हा चुका पोटात घाला. कागद जुन्या कॅलेंडरचा आहे. पाठ कोरी असते, टाकवत नाही.

आता मुख्य बातमी. शुभ्राने ठरवलंय की तिला ऑक्युपेशनल थेरपी करायची. फिजिओवाले हात हलवायला शिकवतात आणि हे लोक त्या हाताने रोजचं काम करायला शिकवतात, एवढं मला समजलं. तुमच्या पूजेच्या पळीच्या दांड्याला जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळून तो जाड केला होता ना तिने, तसलं. इथल्या एका युनिव्हर्सिटीत पदवी आणि त्यावरची मास्टर्स असा जोडकोर्स आहे. एरवी सहा वर्षं लागतात, यात पाचात होतं. जागा फक्त वीस. बारावी व्हायच्या आधीच अर्ज करायचा, शेवटची तारीख १५ ऑक्टोबर. अर्जाची फी पाचशे दिरहम, म्हणजे आपले बारा हजार, नुसत्या अर्जाचे! मी दोनदा विचारून घेतलं, परत मिळत नाहीत.

अर्जाला दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे एखाद्या थेरपिस्टजवळ साठ तास नुसतं बसून काम बघायचं आणि तिची सही आणायची. आमच्या मागच्या गल्लीत एक सेंटर आहे, तिथे अलिना मॅडम आहेत, केरळच्या, फार मायाळू. नऊ ऑगस्टपासून दर शनिवार-रविवारी चार चार तास शुभ्रा तिथे बसते. मी सोडायला आणि आणायला जाते. हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर गेल्याची-आल्याची वेळ लिहिते, सवयच ती. दुसरं म्हणजे दोन पानी निबंध, जिच्यामुळे हे शिकावंसं वाटलं अशा एका व्यक्तीवर. ती व्यक्ती तुम्ही! तुमच्या पत्राचा फोटोही ती सोबत जोडणार आहे.

गेल्या शनिवार-रविवारी मात्र मी तिला घरातच ठेवलं. गौरी यायच्या होत्या, सोळा भाज्या निवडायच्या, आणि माझे दोनच हात. तोंड फुगवून बसली, पण मुखवटे तिनेच सजवले. गौरी अगदी हसऱ्या दिसत होत्या.

हातावर ताण नको. लिहिता येईल तेवढंच लिहा, पण लिहा.

तुमची,
अनुपमा

॥ श्री ॥

देवरूख
२१ सप्टेंबर २०२५

चि. सौ. अनुपमा हिला विनिताचे अनेक आशीर्वाद.

तुझं कॅलेंडर पोचलं. पाठीवर तुझं पत्र आणि कागदातून आरपार मार्च महिना दिसत होता, त्यामुळे तुझी संकष्टी आणि माझी चौकशी एकाच ठिकाणी वाचली. पोरीच्या येण्याजाण्याची वेळ वहीत लिहितेस म्हणजे कमाल आहे. विजूचीही लिहितेस की काय? लिहीत असलीस तर एक प्रत मला पाठव, लहानपणी घरी उशिरा आल्याबद्दल त्याचे काही रट्टे माझ्याकडे बाकी आहेत.

शुभ्राने निवडलं ते चांगलंच निवडलं. जुलैत इथे होती तेव्हा तिचं बघत होते मी. बोलायची घाई नाही, हात लावायची घाई नाही. आपण काही करायला गेलो की समोरून मदतीला धावायचं नाही हे तिला कुणी शिकवलं कोण जाणे. आपल्या घरात ते कुणाला जमत नाही. अलिनाबाई केरळच्या म्हणजे डोक्याला खोबरेल लावत असणार. तेवढ्यावर माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

माझं बरं चाललंय. सकाळी ठकुबाई येते, आंघोळीपासून साडी नेसवण्यापर्यंत सगळं करते आणि तेवढ्या वेळात गावातल्या तीन घरांची भांडणं सांगून जाते. संध्याकाळी शेजारची दर्शना येऊन बसते. अंगणवाडीची बाई आहे, तिच्याशी बरं वाटतं.

एक सांगायचं होतं. माझ्यावर निबंध लिहायचा तर लिहू दे, पण त्या पत्राचा फोटो वगैरे लावू नको म्हणावं. अक्षर काय दाखवायचं लोकांना? आणि मी एवढी काही बरी झालेली नाही. तिला समजाव.

विजूला, शुभ्राला आशीर्वाद. देवापुढे दिवा लावताना आमची आठवण ठेव.

विनिता

॥ श्री ॥

अल नहदा, शारजा
शनिवार, ४ ऑक्टोबर २०२५

ती. वन्सं यांना,
सा. न. वि. वि.

दसऱ्याचं सोनं इथून पाठवता येत नाही, नमस्कार तेवढा स्वीकारा. नवरात्रात रोज सप्तशतीचा पाठ झाला, पण शेवटचे तीन दिवस माझं मन थाऱ्यावर नव्हतं. ते तुम्हालाच लिहिते आहे, कारण इथे कुणाला ऐकायचं नाही.

अलिना मॅडमनी सहीचा कागद दिला. त्या तीन तारखेला सुट्टीवर केरळला गेल्या, जानेवारीत येणार. जाण्याच्या घाईत त्यांनी सगळा कागद एकदम भरला. नऊ ऑगस्ट ते सत्तावीस सप्टेंबर, प्रत्येक शनिवार आणि रविवार, पंधरा दिवस, चार तास, एकूण साठ. खाली सही आणि शिक्का. माझ्या वहीत मात्र तेरा दिवस आहेत. बावन्न तास. गौरीचे ते दोन दिवस शुभ्रा माझ्याजवळ बसून पडवळ चिरत होती, आणि कागदावर ती सेंटरमध्ये आहे.

मी शुभ्राला दाखवलं. ती म्हणाली, मम्मा, इट्स जस्ट राउंडिंग, मॅडम विसरल्या, आपण काही खोटं लिहिलेलं नाही. यांना दाखवलं तर म्हणाले खलास, सही झाली, विषय संपला, आठ तासांनी कुणाचा हात मोडणार आहे? हमरियातल्या गोदामात स्टॉक मोजतात तेव्हा एक खोका कमी निघाला तर हे जेवायला येत नाहीत, हे मी त्यांना म्हणून दाखवलं. त्यावर दोन दिवस अबोला. आता घरात बोलतात ते शुभ्रामार्फत, आणि शुभ्रा उत्तर देते इंग्रजीत.

वन्सं, मला माहीत आहे की बावन्न लिहिले तर अर्ज अपुरा ठरेल. मॅडम इथे नाहीत, दुसरं सेंटर आठ तास लगेच देणार नाही, आणि अकरा दिवस उरलेत. पोरगी जुलैपासून याच्या मागे आहे. आणि तिला घरात ठेवलं कुणी? मीच. गौरींची सोळा भाज्यांची हौस माझी, आणि फटका तिला. रोज देवीपुढे बसते आणि तेच तेच मनात येतं, की कागद जसा आहे तसा जाऊ दे म्हणावं. मग वही उघडते आणि म्हणवत नाही.

तुम्ही मोठ्या आहात. तुम्ही सांगाल ते मी करीन. हेही तुमचं ऐकतील. निबंध तयार आहे. आत्या पेन धरू शकत नव्हती आणि आता पानभर पत्र लिहिते, असा शेवट आहे. तिने मराठीत सांगितला तेव्हा माझे डोळे भरून आले. फोटो लावायचाच म्हणते, ऐकत नाही.

उत्तर लवकर द्या. हातावर ताण येईल हे कळतं, तरी लिहिते आहे.

तुमचीच,
अनुपमा

॥ श्री ॥

देवरूख
७ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. अनुपमा हिला आशीर्वाद.

पत्र मिळालं. तू मला विचारलंस म्हणून मी तीन दिवस जेवायला बसून तशीच उठले. आधी माझं ऐक आणि मग ठरव की मला विचारायचं की नाही.

ही पत्रं मी लिहिलेली नाहीत. मी सांगते आणि दर्शना लिहिते. आताही तीच लिहिते आहे. लिहिताना मान वर करत नाही, म्हणजे तिलाही लाज वाटतेय. पहिलं पत्र मी खरंच लिहायला बसले होते. दीड तासात "चि. सौ." एवढंच झालं आणि तेही तुमच्या पोरीने टर उडवली असती असं. तेव्हा दर्शना म्हणाली, काकू, द्या मी लिहिते, त्यांना काय कळतंय. मग तुझं पत्र आलं की विजूने ऑफिसात दाखवलं, शुभ्रा नाचली. नंतर सांगायला तोंडच राहिलं नाही. फोटो लावू नको असं लिहिलं, तेवढीच माझी हिंमत.

म्हणजे बघ, तुझ्याकडे आठ तासांचा खोटेपणा आहे आणि तोसुद्धा दुसऱ्याचा. माझ्याकडे सगळं पत्रच आहे. विजूला सांग, ताई म्हणते की बावन्न म्हणजे बावन्न. आणि निबंधाचा शेवट बदलायला लागेल, कारण तो खोटा आहे आणि तिला ते माहीत नाही. हे तिला तू सांग. मी फोनवर सांगायला गेले तर ती रडेल आणि मग मी काहीतरी भलतंच कबूल करून बसेन.

आता आणखी एक. दर्शना, हे तू लिही, थांबू नको. मला पत्र लिहायचंच नव्हतं. कुणाला लिहायची होती मी पत्रं? फोन आहे की. शुभ्राने विचारलं आत्या, तुला हाताने काय करायचंय, तेव्हा मी म्हटलं पत्र, कारण ते चांगलं दिसतं. मला करायचं होतं ते एवढंच की परकराची नाडी माझी मला बांधता यावी. सकाळी ठकुबाई येईपर्यंत मी न्हाणीत बसून असते. ती कधी आठला येते, कधी दहाला. मधे गरज लागली तर काय होतं ते दर्शनाकडून मी लिहून घेणार नाही. अठरा वर्षांच्या भाचीला हे कसं सांगू? तिच्या बापाला मी अंगावर खेळवलंय. पळी तिने जाड करून दिली, देवाची सोय झाली. माझी राहिली.

शुभ्राला यातलं हवं ते लिहू दे. माझी हरकत नाही. फक्त इंग्रजीत लिही म्हणावं, म्हणजे देवरूखात कुणाला वाचता येणार नाही.

मला रागाव, पण पत्र बंद करू नकोस.

विनिता

(सही माझी आहे. तेवढी येते.)

॥ श्री ॥

अल नहदा, शारजा
मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५

ती. वन्सं यांना,
सा. न. वि. वि.

रागावू कुठली. तुमचं पत्र मी शुभ्राला वाचून दाखवलं. तिला मराठी वाचायला वेळ लागतो. दर्शनाचं वाचलं तेव्हाच तिचं तोंड पडलं. मी नाडीपर्यंत आले आणि ती उठून बाल्कनीत गेली. मला वाटलं निबंध गेला म्हणून रडते आहे. जवळ गेले तर म्हणाली, मम्मा, मी तिला विचारलं आणि उत्तर मलाच हवं होतं ते घेतलं. पाच आठवडे मी तिथे होते आणि सकाळी आठला उठून कधी न्हाणीकडे बघितलं नाही. हे सगळं इंग्रजीत, पण मला कळलं.

यांना तुमचा निरोप दिला. संध्याकाळी यांनी स्वतः बसून त्या कागदासोबत इंग्रजीत एक पत्र टाइप करून दिलं, की सही केलेल्या दिवसांपैकी दोन दिवस मुलगी आईच्या सांगण्यावरून घरी होती, प्रत्यक्षात बावन्न तास झाले आहेत. खाली माझी सही घेतली. आईच्या सांगण्यावरून हे शब्द मी मुद्दाम घालायला लावले. अलिना मॅडमना फोन करून आधी सांगितलं, त्यांना उगाच त्रास नको. त्या फार ओशाळल्या, सॉरी सॉरी करत होत्या. त्यांनीही एक ईमेल पाठवली. अबोला संपला. काल हे म्हणाले की भाजीत मीठ कमी आहे, तेव्हा मला हायसं वाटलं.

निबंध तिने दोन दिवसांत नवा लिहिला. फोटो काढला. नवा मी पूर्ण वाचू शकत नाही, पण तिने मराठीत सांगितला. पहिलं वाक्य असं आहे की माझ्या आत्याने मला खोटं सांगितलं, कारण मी तिला खरं सांगायला जागा ठेवली नव्हती. मी म्हटलं, अर्ज करताना असं स्वतःविरुद्ध कुणी लिहितं का? म्हणाली, लिहितात. अर्ज आज दुपारी गेला. शेवटचा दिवस उद्याचा होता. मी देवापुढे साखर ठेवली.

शुभ्राने तुमच्यासाठी काही सुचवलंय. परकराला नाडीऐवजी वेल्क्रोची पट्टी, म्हणजे एका हाताने दाबली की बसते. चौकशी करून सांगते. तुम्हाला पसंत नसेल तर स्पष्ट लिहा, आता दडवायचं नाही असं तिने बजावलंय.

तुमची,
अनुपमा

॥ श्री ॥

देवरूख
२ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. अनुपमा हिला आशीर्वाद.

वेल्क्रो म्हणजे विजूच्या शाळेच्या चपलेला असायचं ते ना, ओढलं की चर्र करणारं? परकराला चपलेचा पट्टा लावून मी देवाला जाऊ? शुभ्राला सांग, नको. नाडीच हवी. यावर तिला राग आला तर येऊ दे, मी खरं सांगितलं.

ती परवा फोनवर तासभर बोलली. एक दिवस सकाळी सहा वाजता तिने व्हिडिओ लावला आणि म्हणाली, आत्या, मी बघत नाही, फोन भिंतीकडे वळव, फक्त काय काय होतं ते बोलत जा. मी बोलले. एवढ्या वर्षांत कुणाशी असलं बोलले नव्हते. नंतर तिने सांगितलं की नाडीचं एक टोक नेफ्यालाच बांधून टाकायचं, दुसरं मोकळं ठेवायचं आणि गाठीऐवजी फास करायचा. दोन वेळा जमलं, चार वेळा परकर पायात आला. सहा वेळांचा हिशेब तुझ्या वहीत लिही.

हे पत्र दर्शनाने लिहिलंय, ते आता उघड लिहूनच टाकते.

विनिता

॥ श्री ॥

अल नहदा, शारजा
रविवार, १८ जानेवारी २०२६

ती. वन्सं यांना,
सा. न. वि. वि.

निकाल लागला. सरळच लिहिते. जोडकोर्सच्या वीस जागा ज्यांचे कागद वेळेत पूर्ण होते त्यांनाच आधी गेल्या. आपला अर्ज त्यांनी अपुरा म्हणून बाजूला ठेवला होता आणि उरलेल्या आठ तासांसाठी नोव्हेंबरअखेरपर्यंत मुदत दिली. शुभ्राने ते आठ तास दुबईतल्या एका सेंटरमध्ये पूर्ण केले. डिसेंबरात मुलाखत झाली. पण वीसमध्ये जागा राहिली नव्हती. तिला साधी चार वर्षांची पदवी देऊ केली आहे. मास्टर्ससाठी नंतर वेगळा अर्ज करायचा. म्हणजे एक वर्ष जास्त.

मुलाखतीत दोन बायका आणि एक सर होते. त्यांच्यातल्या एकीने विचारलं की आत्याला आता नाडी बांधता येते का. शुभ्रा म्हणाली, कधी येते, कधी नाही. मग विचारलं, हे तू यश मानतेस का? ती म्हणाली, ते आत्या ठरवेल. त्या बाईंनी काही लिहून घेतलं. काय ते कळलं नाही.

शुक्रवारी ईमेल आली तेव्हा शुभ्रा जेवली नाही. हे खोलीच्या दाराशी उभे राहिले आणि म्हणाले, सॉरी बेटा. तिला ते ऐकून आणखी रडू आलं. मी स्वयंपाकघरात गेले. ते एक वर्ष कुणाच्या नावावर लिहायचं हे मला माहीत आहे. गौरींच्या नावावर लिहिणार नाही, त्या तर आल्या होत्या जेवायला. माझ्याच नावावर. रात्री तिने येऊन माझ्या पाठीवर हात ठेवला. सकाळी चार वर्षांच्या कोर्सला होय म्हणून कळवलं.

पहिल्या वर्षी एका माणसाबरोबर वर्षभर काम करून त्याची नोंद ठेवायची असते म्हणे. घरातला चालतो, पण त्याची लेखी संमती लागते. तिने तुम्हाला विचारायला मला सांगितलंय. स्वतः विचारायला बिचकते आहे. तुम्हाला नको असेल तर नको म्हणा.

तुमची,
अनुपमा

॥ श्री ॥

देवरूख
२७ जाने.

अनुपमा,

हे मी लिहिते. तीन दिवस लागले.

वर्ष गेलं असं म्हणू नको. गेलं नाही, ती शिकणारच आहे.

संमती आहे. दोन अटी. विजूने माझ्या पत्राचा फोटो कुठे दाखवायचा नाही. आणि शुभ्राने विचारलं की मी खरंच सांगेन, पण मला वेळ लागतो. तेवढं तिने थांबावं.

विनिता